तांदळातलं नाव

अमेरिकेतल्या मराठी बाईला कुणी नाव विचारलं, तर तिनं आधी ‘कुठल्या कागदावरचं?’ असं विचारून घ्यावं. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही. ‘स्त्री’ एवढंच, आणि आईवडिलांची नावं. इस्पितळानं नोंद लगेच कळवली, बारसं झालं बाराव्या दिवशी, आणि नंतर जाऊन नाव चढवून घ्यायचं असतं हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर आणि पदवीवर मी अंजली, पुढे वडिलांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. लग्नात सासूबाईंच्या हौसेनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मृदुला’ लिहिलं गेलं. पुढे रेशनकार्ड त्याच नावानं, पासपोर्टही त्याच नावानं. तीन शब्दांतला एकही शब्द जागेवर राहिला नाही.

पुण्यात याचं कुणालाच काही वाटत नाही. बँकेतले साहेब ‘लग्नानंतरचं ना?’ म्हणतात आणि शिक्का मारतात. ग्रीन कार्डाच्या अर्जाला मात्र जन्मदाखला जोडावा लागतो, आणि बिननावाचा दाखला जोडला की यथावकाश पत्र येतं: ही मुलगी म्हणजे तुम्हीच, हे कशावरून? मग जन्माच्या वेळी जाणत्या वयात असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं गोळा करायची. माझ्यासाठी मामा आणि थोरली आत्या उभे राहिले. आत्याला नोटरीकडे न्यायला भावानं रजा काढली. सही करता करता ती त्याला म्हणाली, “आमची पोरगी आमचीच आहे, हे आता त्या गोऱ्यांना सांगायचं होय रे?” आणि सही मोडीसारखी लपेटदार केली, तर नोटरीनं ती पुन्हा करायला लावली, कारण पॅन कार्डावरची वेगळी होती.

मुलीच्या वेळी सगळं उलट्या क्रमानं. न्यू जर्सीच्या इस्पितळात घरी सोडायच्या आधीच एक बाई जन्मनोंदीचा फॉर्म घेऊन खाटेशी आल्या. त्याच फॉर्मवर खूण केली की बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबरही परस्पर निघतो, त्यामुळे नाव तिथल्या तिथे हवं. फोनवर सासूबाई म्हणत होत्या, आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव ठेवायचं कसं? शेवटी नणंदेनं पुण्याहून स्पीकरवर कुर्र केलं आणि मी लिहिलं, ज्ञानदा. डी, एन, वाय. त्या बाईंनी अक्षरं पेनानं एकेक टिपली, माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीनं विचारलं, स्पेलिंग बरोबर आहे ना?

खरी पाचर त्या फॉर्मच्या खालच्या भागात होती. अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नापूर्वीचं नाव मागतात. म्हणजे मुलीच्या दाखल्यावर आई अंजली, आणि मुलीच्या ओसीआय कार्डासाठी जोडायच्या माझ्या पासपोर्टवर मृदुला. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर वधूचं माहेरचं नाव, तेही अंजली. तांदळातल्या मृदुलेला अंजलीशी जोडणारा एकही सरकारी कागद नव्हता. अर्ज परत आला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, जुना पासपोर्ट, शाळेचा दाखला असं सगळं जोडून तो पुन्हा गेला.

तेव्हापासून ओळखीतल्या मुली लग्न ठरलं की मला फोन करतात, आणि मी त्यांना एकच सांगते: तांदळात हवं ते लिहा, पासपोर्टवर नको. आडनाव बदलायचं तर विवाहाच्या दाखल्यावर भागतं. पहिलं नाव बदलायचंच असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्या गॅझेटच्या प्रती जपा. फी फारशी नाही, थोडी वाट पाहावी लागते, पण पुढे कुठल्याही देशात तोच कागद दोन नावांना जोडतो. जन्मदाखल्याचंही तसंच. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव नसलेल्या नोंदीत वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं, नंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. घरात लहान मूल असेल आणि दाखल्यावर नाव नसेल, तर ते आजच चढवा. मुदत टळली की मामा आणि आत्याच शोधाव्या लागतात, आणि त्या काही जन्मभर पुरत नाहीत.

आपल्या तीन पदरी नावाचा परदेशी फॉर्मशी मेळ बसत नाही, याचीही तयारी ठेवावी. आपल्या पासपोर्टवर दोनच रकाने, आडनाव आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तुम्ही दुसऱ्यात घातलंत तर अमेरिकेत ते मिडल नेम होतं, आणि एकदा झालं की व्हिसा, लायसन्स, बँक, सगळीकडे तसंच लिहावं लागतं. ठेवा किंवा ठेवू नका, पण एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं करू नका. आडनावाचा रकाना रिकामा सोडणं तर सर्वांत वाईट. अमेरिकी व्हिसावर मग तुमचं एकुलतं एक नाव आडनावाच्या जागी बसतं आणि पुढे ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला ऑफिसात कित्येक महिने सगळे ‘फनू’ म्हणत होते. दुबईकडे 2022 च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारू लागले. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रानं नावापुढे आईचं नावही आणलंय. मला ते मनापासून आवडलं, पण ही मुलं परदेशी शिकायला निघतील तेव्हा चार शब्द दोन रकान्यांत कसे बसवायचे, हे आईबापांनी आत्ताच ठरवून ठेवावं.

कागदांचं झालं. तोंडाचं वेगळं. आमचं आडनाव काळे. रोमन लिपीत ळ नाही, आणि शेवटचा ‘ई’ वाचायचा की गिळायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, त्यामुळे आम्ही इथे ‘केल’ नावाची पालेभाजी आहोत. एकटे नाही म्हणा. दाते ‘डेट’ होतात, माने ‘मेन’ होतात, साने ‘सेन’ होतात, आणि बिचारे गोरे तर ‘गोर’, म्हणजे रक्तपात. या धास्तीनं पुष्कळ आईबाप मीरा, माया, तारा, नील, रोहन अशी दोन्हीकडे चालणारी नावं ठेवतात. छान नावं आहेत, आणि धास्तीही उगाच नाही. टोरोंटोतल्या संशोधनात सारख्याच पात्रतेच्या अर्जांपैकी इंग्रजी नावांच्या अर्जांना भारतीय आणि चिनी नावांपेक्षा बरेच जास्त फोन आले होते. नट कल्पेन मोदीनं ‘कॅल पेन’ हे नाव घेतलं ते उगाच नव्हे. तरीही मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव घेऊन लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेच, आणि बेळगावच्या श्री ठाणेदारांनी डेट्रॉइटच्या मतदारांना ‘ठाणेदार’ वाचायला शिकवलंच. आवडलेलं नाव ठेवावं आणि ते म्हणायला लोकांना शिकवावं, हे माझं मत.

शिकवायचं म्हणजे पहिल्याच दिवशी. हजेरी घेताना बाई थबकल्या की ती माझ्याच नावापाशी, हे पोरांना लगेच कळतं, आणि मग ती बाईंनी तोंड उघडायच्या आतच हात वर करतात. म्हणून दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी वर्गशिक्षिकेला दोन ओळी लिहायची: ‘ड’ सोडून द्या, ‘न्यानदा’ म्हणा. अगदी अचूक नव्हे, पण ओळखीचं. एकीलाही त्याचा राग आला नाही. ‘काहीही म्हटलं तरी चालेल’ असं मात्र मुलांच्या वतीनं कधी म्हणू नये. लोक खरोखरच काहीही म्हणतात.

आता मुलगी कॉलेजात आहे. कॉफीच्या दुकानात ती ‘डी’ सांगते, प्राध्यापकांना ज्ञानदा. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. कपावरच्या नावाचं आयुष्य ते केवढं! तिच्या बाबांनी मात्र एकदा लाडानं तिचं विमानाचं तिकीटच ‘डी काळे’ नावानं काढलं. इथल्या नियमानं तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. कंपनीच्या फोनवर ताटकळून, दंड भरून त्यांनी ते बदललं, आणि पलीकडच्या मुलीला ज्ञानदाचं स्पेलिंग चार वेळा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.