परतीचं इंधन

उणकल, हुबळी

चि. बाळास,

ताईचा काल फोन होता. व्हिडिओ गेममध्ये तुझं यान मुनवर, म्हणजे तिथल्या चंद्रावर, उतरलं, पण परतायला इंधन नाही म्हणून तू जेवलाही नाहीस म्हणे. यानाचा फोटो पाहिला. आता तू आणखी टाक्या जोडणार, हे मी ओळखून आहे. थांब जरा.

हुबळीहून पुण्याला निघालं तर बेळगाव, कोल्हापूर, सातारा, कुठेही पंप मिळतो. तुझ्या यानाला सगळं घरूनच न्यायचंय, आणि नेलेलं इंधन वाहायलाही इंधनच जळतं. तुझ्या खेळातलं टेरियर इंजिनच घे. भरलेलं यान रिकाम्याच्या दुप्पट जड असेल तर सेकंदाला साधारण 2,350 मीटर डेल्टा-व्ही, म्हणजे वेग बदलण्याची क्षमता, मिळते. तीच दुप्पट हवी तर यान रिकाम्याच्या चौपट जड लागतं! म्हणून आधी वरचं ओझं उतरव. त्या शिड्या आणि जादा बॅटऱ्या कशाला रे?

हिशेब शेवटाकडून मांड. मुनवरून उठायला सेकंदाला 580 मीटर, तिथून घरी निघायला 310. हे 890 परतीचे; उतरताना त्यांना हात लावायचा नाही. कर्बिनला, म्हणजे खेळातल्या पृथ्वीला, हवा आहे, तिथे पॅराशूट पुरतं. मग मुनवर उतरण्याचे 580, त्याच्या कक्षेत शिरण्याचे 310, तिकडे निघण्याचे 860 आणि सर्वांत शेवटी जमिनीवरून कक्षेत जाण्याचे 3,400. वर दहावा हिस्सा शिल्लक, तीही सर्वांत वरच्या टप्प्यात. खालच्या टप्प्यातली शिल्लक त्याच्याबरोबरच गळून पडते.

शिल्लक ठेवणं तुला भित्रेपणाचं वाटतं, ठाऊक आहे. 11 नोव्हेंबर 2013 ला मंगळयानाची कक्षा वाढवताना सेकंदाला 130 मीटर हवे होते, मिळाले 35. इस्रोने दुसऱ्याच दिवशी पुन्हा इंजिन चालवून तूट भरून काढली. चांद्रयान-3 चं तर उलटंच झालं. रॉकेटने नेमक्या कक्षेत सोडलं, पुढची प्रज्वलनंही काटेकोर झाली, म्हणून लँडरला चंद्राकडे नेणाऱ्या प्रॉपल्शन मॉड्यूलमध्ये महिनाभराच्या कामानंतरही 100 किलोंहून जास्त इंधन उरलं. त्या जोरावर ऑक्टोबर 2023 मध्ये ते चंद्राची कक्षा सोडून पृथ्वीकडे निघालं. मूळ योजनेत हा प्रवास नव्हताच.

तू मात्र रॉकेट सरळ वर नेतोस आणि मग एकदम आडवं करतोस. निम्मी उधळपट्टी तिथेच होते. उड्डाणानंतर लगेच पूर्वेकडे हळूहळू कलव.

मुनवर अडकलेल्या तुझ्या अंतराळवीराला आणायला दुसरं यान लागेलच. ते उभं करण्याआधी हिशेबाचा कागद मला पाठव, आणि आधी जेवून घे.

तुझा,
मामा