घाम, हवा आणि मॅरेथॉन

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटर अंतरात धावपटूला ज्याच्याशी झुंजावे लागते, तो शत्रू बव्हंशी त्याच्या शरीरातच निर्माण होत असतो. साठ किलो वजनाचा मनुष्य हे अंतर धावतो तेव्हा ढोबळमानाने अडीच हजार किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तिच्यातील फार तर चतुर्थांश भाग धावण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकली गेली नाही, तर अर्ध्या तासाच्या आतच शरीराचे तापमान घातक पातळी गाठेल.

थंड हवेत ही उष्णता अंगावरून वाहणारा वाराच बरीचशी घेऊन जातो. म्हणून दहा अंश सेल्सियसच्या आसपासचे हवामान अव्वल धावपटूंना मानवते. हवेचे तापमान पस्तीस अंशांकडे, म्हणजे त्वचेच्या तापमानाकडे, सरकू लागले की हा मार्ग बंद होत जातो आणि सारा भार घामावर येऊन पडतो. एक लिटर घामाची वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र वाफ झाली पाहिजे. कपाळावरून टपकून रस्त्यावर पडलेला घाम शरीरातील पाणी तेवढे नेतो. उष्णता मागेच राहते. पावसाळ्याच्या दमट दिवसांत माठातले पाणी वैशाखातल्यासारखे गार होत नाही, त्याचे कारणही हेच.

१९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिक मॅरेथॉन कडक उन्हात झाली. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारो याने उन्हापासून बचाव व्हावा म्हणून अंगाला चरबी चोळली होती, असे सांगितले जाते. तसे असेल तर त्याने घामाची वाटच अडवली. सुमारे तीस किलोमीटरनंतर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

चरबी जे करते, तेच दमट हवाही करू शकते. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत ऊन टाळण्यासाठी स्त्रियांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करण्यात आली. सूर्य नव्हता, पण तापमान तीस अंशांच्या वर होते आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांहून अधिक. ६८ जणींपैकी अवघ्या ४० जणी अंतिम रेषेपर्यंत पोचल्या. वेळ बदलून ऊन टळले, हवेतील बाष्प टळले नाही. अशा हवेत पाणी पिणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते; वेग कमी करून उष्णतेची निर्मितीच घटवावी लागते, आणि शर्यतीत नेमके तेच कोणाला नको असते.

दोहाच्या अनुभवानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडील साप्पोरो येथे हलवण्यात आली. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील उष्म्यामुळे स्त्रियांची शर्यत ठरल्या वेळेच्या तासभर आधी, पहाटे सहा वाजता, सुरू करावी लागली. पुरुषांच्या शर्यतीत १०६ पैकी ३० जणांनी ती अर्ध्यावरच सोडली.