पदवीच्या जोडीला एक मंजूर पॅच

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क तिथे आल्यापासून माण, मारुंजी, पिरंगुट, पौड या पट्ट्यातल्या अनेक घरांत मुलांच्या शिक्षणाचा हिशेब त्या पार्ककडे बघूनच मांडला जातो. लवळ्याच्या सिम्बायोसिससारख्या संस्थाही आता तालुक्यातच आहेत. तरी मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेली की पालकांची धास्ती वाढते. नुसत्या पदवीवर भागेल का? अजून कुठला कोर्स लावावा? माझे मत असे की आणखी एका क्लासची फी भरण्याआधी मुलांनी वर्षभरात एक गोष्ट करून पाहावी. जगभर वापरल्या जाणाऱ्या एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पात एखादी छोटी पण खरी दुरुस्ती करावी आणि ती मंजूर करून घ्यावी. या दुरुस्तीलाच पॅच म्हणतात. नोकरीत जे काम रोज करावे लागते आणि कॉलेजात जे क्वचितच शिकवले जाते, ते या एका पॅचमध्ये शिकायला मिळते.

उदाहरणादाखल वेब सर्व्हिसचा कोड तयार करणारी साधने घेऊ. बँकेचे ॲप सर्व्हरशी बोलते तेव्हा कोणत्या पत्त्यावर काय मागायचे आणि उत्तरात कोणती माहिती येणार, हे एका फाइलमध्ये ठरावीक पद्धतीने लिहिलेले असते. कोड जनरेटर ती फाइल वाचतो आणि जावा, पायथन, गो अशा भाषांत लागणारा कोड आपोआप लिहून देतो. ‘ओपनएपीआय जनरेटर’ हा असाच एक प्रकल्प. 2018 मध्ये तो ‘स्वॅगर कोडजेन’ या आधीच्या प्रकल्पापासून वेगळा झाला आणि आज पन्नासहून अधिक प्रकारचे क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा कोड, तयार करतो. त्याच्या पोटात प्रत्येक भाषेचे साचे आहेत, आणि मोदकाच्या साच्यालाच खोच पडली की प्रत्येक मोदकावर ती उमटते, तसेच इथेही होते. समजा, शाळाप्रवेशाच्या सर्व्हिसमध्ये एका रकान्याचे नाव ‘क्लास’ आहे. जावा आणि पायथन या दोन्ही भाषांत हा शब्द राखीव आहे. जनरेटरने त्याचे नाव बदलले नाही, तर तयार झालेला कोड चालणारच नाही. म्हणून प्रत्येक भाषेच्या राखीव शब्दांची यादी जनरेटरमध्ये ठेवलेली असते. एखाद्या भाषेच्या यादीतून एखादा शब्द सुटला, तर तो भरणे हे दोन ओळींचे काम. पण त्या दोन ओळी स्वीकारल्या जाण्यासाठी चूक कोणत्या आवृत्तीत, कोणत्या फाइलवर, कोणती आज्ञा दिल्यावर दिसते हे लिहावे लागते. चाचणी जोडावी लागते. प्रकल्पात ठेवलेले नमुना-कोड स्क्रिप्ट चालवून पुन्हा तयार करावे लागतात, आणि रिव्ह्यू करणारा अनोळखी माणूस जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे द्यावी लागतात.

या कामाची शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टशी तुलना करून पाहा. तो प्रोजेक्ट कोऱ्या पानावर सुरू होतो, तोंडी परीक्षेला एकदा चालतो आणि मग कुणी उघडतही नाही. पैसे मोजून तयार प्रोजेक्टही मिळतो, हे परीक्षकांनाही ठाऊक असते. कंपनीत मात्र कोरे पान कुणी देत नाही. तिथे दुसऱ्यांनी दहा वर्षे लिहिलेला कोड वाचायचा, त्यातली चूक हुडकायची आणि बाकी काही न बिघडवता ती दुरुस्त करायची असते. नेमके तेच पॅच करताना करावे लागते. शिवाय कोणत्या तारखेला काय बदलले, कुणी काय हरकत घेतली आणि विद्यार्थ्याने ती कशी सोडवली, याची उघड नोंद राहते. मुलाखत घेणाऱ्याला ती पाच मिनिटांत तपासता येते.

हे नुसते तर्क नव्हेत, शेजारी श्रीलंकेत घडलेले आहे. ‘ॲपाची ॲक्सिस2’ हे वेब सर्व्हिसचे एक गाजलेले ओपन सोर्स साधन. सर्व्हिसचे वर्णन वाचून जावाचा कोड तयार करणारा जनरेटर त्यात आहे. 2006 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली, आणि ती घडवण्यात श्रीलंकेतल्या तरुण अभियंत्यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्तुळातून 2005 मध्ये संजीव वीरवरण यांनी सहकाऱ्यांसोबत डब्ल्यूएसओ2 ही कंपनी काढली, आणि तिचा माल जगभर गेला. ओपन सोर्स प्रकल्पांत काम करण्यासाठी विद्यार्थी निवडणारा ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रमही 2005 मध्येच सुरू झाला. त्याच्या पहिल्या दशकात सर्वाधिक विद्यार्थी निवडले गेले ते कोलंबोजवळच्या मोरातुवा विद्यापीठाचे. त्या छोट्या देशाकडे हिंजवडीसारखा पसारा नव्हता, पण आधीच्या मुलांनी पुढच्या मुलांना प्रकल्पात ओढून नेण्याची रीत पडली. आपल्याकडेही पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हे ओपन सोर्सचे संमेलन भरले आहे. पाया अगदीच नाही असे नाही, सवय मात्र कमी पडली.

पालकांची पहिली हरकत असते, ‘फुकटात परदेशी कंपन्यांची कामे कशाला करायची?’ हरकत रास्त आहे. अशा कोडचा फायदा कंपन्या घेतात, हे खरेच आहे. पण त्याच कोडवर विद्यार्थी विनाशुल्क शिकतो, आणि कसलेला अभियंता त्याचे काम तपासून देतो. क्लासमध्ये त्यासाठीही पैसे मोजावे लागतात. शिवाय समर ऑफ कोडमध्ये मानधन मिळते. 2022 पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेला नवखाही अर्ज करू शकतो. दुसरी हरकत कॅम्पस प्लेसमेंटची. इथे भाबडेपणा नको. घाऊक भरती करणाऱ्या कंपन्यांची पहिली चाळणी टक्केवारी आणि ॲप्टिट्यूड टेस्टची असते. तिथे पॅच कामी येणार नाही. म्हणून बॅकलॉग ठेवून हा नाद करू नये. चाळणीनंतरच्या मुलाखतीत, लहान प्रॉडक्ट कंपन्यांत आणि दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना त्याचे वजन कळते.

तिसरी हरकत आजची आहे: एआयच कोड लिहिणार असेल, तर हे शिकून काय उपयोग? उलट एआयमुळेच पारख महाग झाली आहे. ‘कर्ल’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग एआयने लिहिलेल्या पोकळ तक्रारींनी वैतागून जाहीरपणे बोलले आहेत. त्याआधी ओपन सोर्समध्ये पॅच करणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ मोहिमेत 2020 मध्ये त्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पूर आला, की सहभागी व्हायचे की नाही हे प्रकल्पांनीच ठरवावे, असा नियम मोहीम चालू असतानाच करावा लागला. मोजणीसाठी केलेले दहा पॅच नाव खराब करतात. का बदलले हे समजावता येणारा एकच पॅच नाव मिळवून देतो.

सुरुवात कशी करावी? आधी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ शिकावे आणि आपल्याला येत असलेल्या भाषेतलाच प्रकल्प निवडावा. ‘ओपनएपीआय जनरेटर’ला जावा यावी लागते. नवख्यांसाठी खूण केलेल्या तक्रारी वाचाव्यात, आणि त्यातली एक चूक आधी आपल्या संगणकावर घडवून पाहावी. एवढे जमले तरी अर्धे काम झाले. इंग्रजी अलंकारिक असण्याची गरज नाही. तीन सरळ वाक्ये पुरतात. पॅच नाकारला जाणे किंवा उत्तराला आठवडे लागणे नेहमीचेच. पालकांना कोड कळत नसला तरी प्रगती तपासता येते. ‘किती पॅच झाले?’ असे विचारू नका. ‘कुणाच्या कोणत्या शेऱ्यामुळे तू काय बदललेस, आणि का?’ असे विचारा. मुलाला किंवा मुलीला हे तुमच्या भाषेत सांगता आले, तर मुलाखतीतही सांगता येईल.