गोगलगायीतला कृमी आणि त्याचे बारसे

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वरून गरीब दिसणाऱ्या, परंतु आतून कावेबाज असलेल्या माणसास उद्देशून ती योजतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय आपल्या पोटाच्या स्नायुमय तळव्यावरच सरपटते. येथे आम्हांस सांगावयाचे आहे ते तिच्या पाठीवरील आवरणाखाली शिरणाऱ्या एका कृमीविषयी. असा कृमी नवा आहे हे ठरवून त्याचे वर्णन करणे, हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि केवळ पंडितांच्या हौसेचेही नाही.

पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा अळूच्या पानाखाली दिसणारी बिनशंखाची गोगलगाय आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे तिच्यावर मीठ टाकून मोकळे होतात. युरोपातील शेतकऱ्यास ती इतकी स्वस्तात सुटत नाही. गहू, बटाटा, कोबी यांची ती मोठी नासाडी करते. तिच्या शत्रूंपैकी एक म्हणजे सूत्रकृमी, दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा दिसणारा, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीचा जीव. जर्मन शास्त्रज्ञ श्नायडर यांनी १८५९ साली एका मोठ्या काळ्या गोगलगायीत आढळलेल्या अशा कृमीस ‘हर्माफ्रोडिटा’, म्हणजे उभयलिंगी, हे नाव दिले. त्याचे नर क्वचितच आढळतात. एकच प्राणी आई आणि बाप या दोन्ही भूमिका पार पाडतो. पुढे १९७६ साली आंद्राशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने ‘फॅस्मार्‌हॅब्डायटिस’ हा वंश निराळा केला आणि या जातीस त्यात स्थान मिळाले. म्हणून शास्त्रीय ग्रंथांत ‘फॅस्मार्‌हॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा’ या नावापुढे श्नायडर यांचे नाव व साल कंसात छापतात. जातीचे नाव प्रथम देणारा एक आणि आजचे घर दुसरे, एवढी हकीकत तो छोटा कंस सांगतो!

या कृमीची बाल्यावस्था मातीत भक्ष्याची वाट पाहत असते. लहान गोगलगाय भेटली की तो तिच्या पाठीवरील आवरणाच्या छिद्रातून आत शिरतो, जिवाणूंवर पोसला जाऊन वाढतो व तेथेच प्रजा उत्पन्न करतो. आवरण सुजते, गोगलगाय खाणे सोडते आणि एक ते तीन आठवड्यांत मरते. मोठ्या काळ्या गोगलगायीत मात्र तो पुष्कळदा निमूटपणे बसून राहतो आणि ती आपल्या मरणाने मेल्यावर तिच्या कुजणाऱ्या देहावर ताव मारतो. यमदूत आणि वारसदार अशी दोन्ही कामे एकच प्राणी करतो, याचे आम्हांस मोठे नवल वाटते. इंग्लंडमधील संशोधकांनी त्याच्या मारकशक्तीचा अभ्यास केला आणि १९९४ पासून तो तेथे शेतकऱ्यांस व बागाइतांस विकत मिळू लागला.

अमेरिकेत हा कृमी विकण्यास परवानगी नव्हती, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. तेथील शेतांत उपद्रव देणाऱ्या बहुतेक गोगलगायी युरोपातून आलेल्या. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील रेडवुडच्या अरण्यांत देशी गोगलगायीही आहेत. पिवळ्याधमक रंगामुळे ‘केळी गोगलगाय’ म्हणून ओळखली जाणारी त्यांतील एक जात वीतभर लांब होते आणि झडलेला पालापाचोळा खाऊन मातीस परत देते. परका कृमी सोडला आणि त्याने पाहुण्यांबरोबर घरच्या माणसांचाही जीव घेतला, तर? म्हणूनच तेथे कोणते कृमी आधीच राहतात हे पाहणे अगत्याचे झाले. रिव्हरसाइड येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील गोगलगायी गोळा केल्या. २०१४ साली त्यांनी हर्माफ्रोडिटा तेथे असल्याचे प्रसिद्ध केले. आणि २०१६ साली तिच्या जवळच्या नात्यातील एका नव्या जातीचे वर्णन आले. युरोपीय पाहुण्या गोगलगायींत मिळालेल्या त्या जातीचे नाव ‘फॅस्मार्‌हॅब्डायटिस कॅलिफोर्निका’.

नवी जात म्हणजे काय, हे ठरवावयाचे कसे? सूत्रकृमींना ना रंग, ना पाय, ना पंख. एक दुसऱ्यासारखा दिसतो. मेलेल्या गोगलगायीतून कृमी काढून ते हलक्या उष्णतेने मारतात, म्हणजे देह आक्रसत नाही. मग फॉर्मॅलिन, ग्लिसरीन असे संस्कार करून काचपट्टीवर बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. या मोजमापाची रीत डच शास्त्रज्ञ दे मान यांनी १८८० च्या सुमारास घालून दिली. नुसती लांबी पुरत नाही, कारण पोटभर खाल्लेला कृमी उपाशी कृमीहून मोठा असतो. म्हणून प्रमाणे काढतात. समजा, कृमी दोन मिलिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर रुंद आहे. लांबीला रुंदीने भागिले की २० येतात. तसेच लांबीला अन्ननलिकेच्या व शेपटीच्या लांबीने भागावयाचे. त्रैराशिकास कंटाळणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे! ओळखीची उत्तम खूण नराच्या शेपटीवरील बारीक उंचवट्यांची मांडणी ही असते. परंतु नरच दुर्मिळ असले तर वर्णन करणाराची फारच पंचाईत होते. यास्तव अलीकडे डीएनएची साक्षही काढतात, आणि आकाराने जुळे भासणारे कृमी तेथे निराळे पडतात.

वर्णनाबरोबर चित्र हवे, जवळच्या जातींशी तुलना हवी, आणि ज्यावरून वर्णन केले तो मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. उद्या कोणास शंका आली तर त्याने येऊन पाहावे.

हे वाचून कोणी दगड उलटून गोगलगायी शोधू लागेल, त्यास एक सूचना. उघड्या हाताने त्यांना शिवू नये व शिवल्यास साबणाने हात धुवावेत. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा, १९३५ साली कॅन्टन येथे वर्णिलेला एक निराळा सूत्रकृमी बाल्यावस्थेत गोगलगायींत असतो. तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. पालेभाजीही नीट धुऊन घ्यावी.

कॅलिफोर्निकाची पुढची गोष्ट मौजेची आहे. ती पुढे न्यूझीलंड, आयर्लंड आणि वेल्स येथेही सापडली, आणि २०२२ साली युरोपातील बागांसाठी तिचा माल बाजारात आला. तेव्हा कॅलिफोर्निया हे तिचे माहेर नसून केवळ जेथे तिचे बारसे झाले ते गाव असावे, असे दिसते. परंतु नाव दिशाभूल करते एवढ्याच कारणाने ते बदलण्याची मुभा प्राणिशास्त्राचे नियम देत नाहीत. वेल्समधील एखाद्या बागेत कोबीखाली सापडली तरी ती कॅलिफोर्निकाच.