एका संगणकावर दोन वर्ड

मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच संगणकावर नांदू शकते. मराठी टायपिंग आणि डीटीपीच्या कामात तसे करावेही लागते. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फायली, त्यांच्यासाठी लिहिलेले मॅक्रो आणि वर्षानुवर्षे ठरलेली पानाची मांडणी वर्ड २००३ मध्ये अडकलेली असते, आणि बाहेरून येणारे काम मात्र नव्या वर्डमध्ये येते. दोन्ही आवृत्त्या काही गोष्टी सामाईक वापरतात, आणि बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो.

पहिला अपघात नवे ऑफिस बसवतानाच होतो. ऑफिस २००७ चा इन्स्टॉलर सरळ पुढे जाऊ दिला तर तो आधीची आवृत्ती काढून टाकतो. ‘कस्टमाइझ’ निवडून आधीच्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय हाताने द्यावा लागतो. क्रमही पाळावा लागतो: जुनी आवृत्ती आधी बसवावी, नवी नंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. आउटलुकला ही सवलत नाही, त्याची एका वेळी एकच आवृत्ती राहते. पुढच्या काळातल्या आवृत्त्यांत आणखी एक बंधन आहे. ऑफिस २०१६, २०१९, २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ यांचा आतला आवृत्ती क्रमांक १६ च असल्याने ती जोडीने बसवता येत नाहीत. वेगळ्या वर्षाचे नाव आहे म्हणून वेगळी आवृत्ती समजून खरेदी करणाऱ्यांची इथे निराशा होते. ३२ बिट आणि ६४ बिट ऑफिसचीही सरमिसळ टाळावी.

दोन्ही बसल्यावर रोजचा त्रास सुरू होतो तो नोंदणीचा. वर्ड २००३ वापरून २००७ उघडले की ते विंडोजमध्ये स्वतःची नव्याने नोंद करते. ‘कॉन्फिगर’ होत असल्याची खिडकी येते आणि काम खोळंबते. फाईलवर डबल क्लिक केल्यावर ती कोणत्या वर्डमध्ये उघडेल, हेही शेवटी कोणते वर्ड वापरले त्यावर ठरते. ही पुनर्नोंदणी थांबवणारी नोंद रजिस्ट्रीत करता येते, पण माहितगार माणूस जवळ नसेल तर रजिस्ट्रीला हात लावू नये. साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे डबल क्लिक विसरणे. डेस्कटॉपवर दोन्ही वर्डचे स्पष्ट नावांचे शॉर्टकट ठेवावेत, आधी वर्ड उघडावे आणि मग ‘ओपन’मधून फाईल. कार्यालयात अनेक जण एकच संगणक वापरत असतील तर ही शिस्त सर्वांनाच लावावी लागते.

टेम्प्लेटच्या बाबतीत २००३ आणि २००७ यांचे भांडण नाही, कारण पहिले ‘नॉर्मल डॉट’ वापरते आणि दुसरे ‘नॉर्मल डॉटएम’. मात्र २००७ आणि २०१० अशी जोडी असेल तर ‘नॉर्मल डॉटएम’ दोघांचे एकच. एकात बदललेला मूळ फॉन्ट दुसऱ्यातही बदललेला दिसतो. दुसरी आवृत्ती बसवण्याआधी या टेम्प्लेटची प्रत बाजूला काढून ठेवावी.

मराठीचे सर्वांत मोठे नुकसान ऑटोकरेक्ट करते. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे वर्डच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच असतो. परिच्छेदाचे पहिले अक्षर आपोआप ‘कॅपिटल’ करण्याची सोय चालू असली की फॉन्टमधला भलताच आकार तिथे येतो. सरळ अवतरणचिन्ह आपोआप वळवले जाते, तेव्हाही तसेच. जुन्या वर्डमध्ये या सोयी कुणीतरी पूर्वीच बंद केलेल्या असतात. नवे वर्ड बसवले की त्या चालू नाहीत ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे. ही चूक टायपिंग करताना लक्षात येत नाही. ती मुद्रितशोधनात सापडते, नाहीतर छापून झाल्यावर.

युनिकोड मजकुराचे दुखणे वेगळे. देवनागरी जोडाक्षरे जुळवणाऱ्या युनिस्क्राइब या घटकाची स्वतःची प्रत ऑफिस २००३ सोबत येत असे, त्यामुळे तीच फाईल नव्या वर्डमध्ये किंचित वेगळी दिसू शकते. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ अशा शब्दांतला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मुद्दाम पाहावा. विंडोज १० मध्ये मंगल हा फॉन्ट ऐच्छिक झाला. तो नसेल तर दुसरा फॉन्ट येतो, ओळींची लांबी बदलते आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. फाईलमधला फॉन्ट संगणकावर आहे याची खात्री केल्याशिवाय पाने लावू नयेत.

फायलींचे स्वरूप हा पुढचा भाग. २००७ पासून ‘डॉकएक्स’ आले. जुन्या वर्डला ते वाचता यावे म्हणून मायक्रोसॉफ्टने दिलेला कंपॅटिबिलिटी पॅक २०१८ मध्ये बंद झाला. त्यामुळे दोन्हीकडे फिरणारी फाईल जुन्या ‘डॉक’मध्येच ठेवावी. नवे वर्ड ती ‘कंपॅटिबिलिटी मोड’मध्ये उघडते. तिथले ‘कन्व्हर्ट’ हे बटण मूळ फाईलच्या जागी नवी आणते, म्हणून प्रत काढल्याशिवाय ते दाबू नये. नव्या पद्धतीने लिहिलेली गणिती समीकरणे ‘डॉक’मध्ये साठवली की चित्रे होतात. जुन्या इक्वेशन एडिटर ३.० मध्ये लिहिलेल्या समीकरणांची अवस्था उलटी आहे: जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून तो एडिटर ऑफिसमधून काढला गेला, आणि तेव्हापासून ती समीकरणे दिसतात पण त्या एडिटरने सुधारता येत नाहीत. गणिताच्या शिक्षकांनी जुन्या प्रश्नपत्रिकांची ही तपासणी लवकर करावी.

वर्ड २००३ ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला संपल्या, २००७ ला मिळणाऱ्या १० ऑक्टोबर २०१७ ला. ईमेलने आलेली अनोळखी फाईल या आवृत्त्यांत कधीही उघडू नये, ती नव्या वर्डमध्येच पाहावी. जुन्या फायलींचे काम कमी असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये जुने विंडोज आणि त्यात वर्ड २००३ ठेवून त्याची इंटरनेट जोडणी तोडणे अधिक चांगले. तसे केले की नोंदणी, टेम्प्लेट आणि डबल क्लिक यांचे प्रश्न उरतच नाहीत, आणि नवे ऑफिस मुख्य संगणकावर एकटे चालते.