बत्तीस म्हणजे बत्तीस नव्हे

आबांचं रिव्हॉल्व्हर वर्षातून एकदाच उजेडात यायचं, खंडेनवमीला. पाटावर नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कोयता मांडून झाला की सगळ्यात शेवटी आई कपाटातून फ्लॅनेलच्या पिवळ्या फडक्यातली ती वस्तू आणायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार आणि परत कपाटात. १९७१ साली आबांनी ते कोल्हापुरातल्या एका दुकानातून जुनंच घेतलं होतं. शाहूपुरीत गुळाचा सौदा झाला की पट्टीची रोकड घेऊन रात्री बुलेटवरून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत यावं लागायचं, म्हणून परवाना काढला. त्यांनी ते कधी उडवल्याचं घरात कुणालाच आठवत नाही.

२००९ साली आबा गेले आणि वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. रिव्हॉल्व्हरबरोबर हॉर्लिक्सच्या बाटलीतली सहा काडतुसंही आली. पितळ काळवंडलेलं, शिशाच्या गोळ्यांवर पांढुरकी बुरशी धरलेली. मी ती तशीच नऊ वर्षं ठेवली. परवान्याचं नूतनीकरण वेळेवर, फी वेळेवर, निवडणूक आली की ठाण्यात जमा, संपली की परत. कागद चोख होते. हे हत्यार चालतं का, एवढाच प्रश्न मी विचारला नव्हता.

२०१८ साली विचारला, तोही दुसऱ्या कुणीतरी उचकवल्यामुळे. पोलीस खात्यातून आर्मोरर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक नातलग आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, "काडतुसं पन्नास वर्षांची, हत्यार त्याहून जुनं. बाळा, हे रिव्हॉल्व्हर न्हाई, हा ताईत हाय." मग त्यांच्या ओळखीच्या एका रेंजवर परवानगी काढून गेलो.

पहिलं काडतूस : टक्. काही नाही. दुसरं उडालं, पण फटाका भिजल्यासारखा आवाज. तिसरं पुन्हा टक्. मामांनी आधी बजावलं होतं, की टक् झालं तर नळी तशीच समोर धरून मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे, मग हलायचं. पहिल्या वेळी मी मोजले. तिसऱ्या वेळी कंटाळलो. हात खाली घेतला, सिलिंडरकडे बघायला मान वाकवली आणि त्याच क्षणी ते उडालं. माझ्या डाव्या बुटापासून वीतभर अंतरावर वाळूत खड्डा पडला. ट्रिगरवर बोट नव्हतं. जुन्या काडतुसात टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचते, पण दारू दमट असली तर ती आधी धुमसते आणि मग पेटते. मधला वेळ क्षणाचा असतो किंवा त्याहून जास्त. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, नळी समोर धरून बराच वेळ उभे राहिले, मग रिकामं केलं. उरलेली तीन आम्ही उडवली नाहीत.

तेव्हा ठरलं, नवी काडतुसं आणायची. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर, .३२ बोअर' असं स्वच्छ लिहिलेलं. बत्तीसची काडतुसं तर आपल्या पुण्यातच होतात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं असतात, त्यातला 'के' म्हणजे खडकीचं इंग्रजांच्या काळातलं किर्की हे नाव. दुकानातून डबा आणला, परवान्यावर नोंद करून घेतली, घरी येऊन सिलिंडर उघडला आणि काडतूस आत सरकेना. तोंड जात होतं, पितळ अडत होतं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सहाही घरं करून बघितली.

एमआयडीसीतल्या मित्राच्या लेथवरून व्हर्नियर आणला. आबांच्या काडतुसाचं पितळ बुडाशी ८.१ मिलिमीटर, खडकीचं साडेआठच्या किंचित वर. लांबी जवळजवळ सारखी, बुडाची किनारही सारखी. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दोन्हींचं नाव बत्तीस.

गोम अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कंपन्यांनी आपापली 'बत्तीस लाँग' काढली. कोल्टचं काडतूस सडपातळ, स्मिथ अँड वेसनचं १८९६ सालचं जरा जाड. पुढे जाडाची सरशी झाली. कोल्टनेही आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी ते घेतलं, पण प्रतिस्पर्ध्याचं नाव कसं लावायचं, म्हणून त्याला 'कोल्ट न्यू पोलीस' म्हटलं. त्यामुळे नुसतं कोल्टचं नाव आणि ३२ हा आकडा बघून आत कुठलं काडतूस बसेल हे कळत नाही. खडकीत होतं ते स्मिथ अँड वेसनचं. आबांचं रिव्हॉल्व्हर सडपातळ जातीचं. परवाना लिहिणाऱ्या कारकुनाचं काही चुकलं नव्हतं, नळीवरचा आकडाच त्याने उतरवला होता.

पुढचा मोह मात्र साधा नव्हता. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एकाने सिलिंडर बोटांत फिरवत सांगितलं, "रीमर फिरवतो, दोन तासांचं काम. बत्तीस लाँग बसंल." ऐकायला किती सोपं. जुनं हत्यारही राहणार, काडतूसही मिळणार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मामांना विचारलं तर ते चिडले. एक तर सिलिंडरच्या दोन घरांमधली भिंत आधीच पातळ असते, तिच्यातून अर्धा मिलिमीटर पोखरायचा आणि वर जास्त दाबाचं काडतूस भरायचं. घर जरा तिरकं किंवा सैल कापलं गेलं की पितळ फाटतं आणि गरम वायू मागे हाताकडे येतो. दुसरं म्हणजे हा गुन्हा आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे हत्यारात असा बदल करायला स्वतंत्र परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याविना केलं तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. दोन तासांच्या कामाला ही किंमत जास्तच.

मग अदलाबदल. इथे माझ्या दोन चुका झाल्या, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिली चूक वेळेची. २०१९च्या फेब्रुवारीत अर्ज तयार होता, पण 'मार्चएंडचं काम उरकू दे' म्हणून ठेवला. १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार ठाण्यात गेलं. जूनमध्ये परत आणलं, पावसाळा, ऊस, घरातलं लग्न यांत सप्टेंबर उजाडला आणि विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा ठाणं. डिसेंबरात कायदा बदलला : एका माणसाकडे पूर्वी तीन हत्यारं चालत, ती मर्यादा दोनवर आली, वारशाने आलेली धरून. माझ्याकडे शेतावरची बारा बोअरची बंदूक होतीच. म्हणजे आबांचं ठेवू, आठवण म्हणून, आणि नवं वेगळं घेऊ, हा मनात जपलेला मार्ग कायमचा बंद झाला. मग मार्च २०२० आणि टाळेबंदी. दोन वर्षं गेली. हत्यार विकायचं तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं, हे ध्यानात ठेवून पंचांग बघावं तसं निवडणुकांचं वेळापत्रक बघा.

दुसरी चूक पैशाची. "या जातीचं काडतूस मिळत नाही, मला हे भिंतीला टांगावं लागेल," हे मला कुणी सांगितलं? जो विकत घेणार होता त्या दुकानदाराने. आणि मी मान डोलावली. जुनं त्यालाच द्यायचं, नवं त्याच्याकडूनच घ्यायचं, एकच फेरी, कागद कमी. खाजगी माणसाला परदेशी हत्यारं आयात करणं आपल्याकडे १९८०च्या दशकात बंद झालं. तेव्हापासून जुन्या विलायती मालाला, काडतूस मिळो न मिळो, शौकीन असतात. सहा महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानदाराने फोटो बघून जो आकडा सांगितला, तो मला मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त होता. आकडा इथे लिहीत नाही, घरात अजून कुणाला माहीत नाही. विक्री आणि खरेदी वेगवेगळी करा. कागद वाढतील, वाढू देत. आणि भाव विचारताना 'बत्तीस बोअर' एवढंच न सांगता घराचं माप सांगा.

आता बदलून काय घ्यायचं? आपल्याकडे ही निवड फारशी अवघड नाही, कारण दारंच कमी आहेत. पोलिसांच्या .३८ची आणि लष्कराच्या नऊ मिलिमीटरची काडतुसं ज्यात बसतात ती हत्यारं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. उरतं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, बत्तीसचं पिस्तूल, बावीस. रिव्हॉल्व्हरचे लोक हटकून बत्तीसवर येतात. 'बत्तीस काय, चिमणीही मरायची नाही,' असं पानटपरीवर बोललं जातं. बोलणाऱ्यांनी पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धा बघावी. तिथले नेमबाज मोठ्या प्रमाणावर हेच स्मिथ अँड वेसन लाँग वापरतात. झटका कमी असल्यामुळे हात हलत नाही. ज्या काडतुसाचा सराव करता येतो, ते घरात असलेल्या पण कधीच न उडवलेल्या कुठल्याही मोठ्या काडतुसापेक्षा मला बरं वाटतं.

मी कानपूरचं, मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर घेतलं. नळी खाली दाबली की सिलिंडर उघडतो आणि सहाही पितळं एकदम वर उचलली जातात. ट्रिगर जड आहे, गोड शब्दांत सांगायचं तर बैलगाडीच्या ब्रेकसारखा. २०१४ साली आलेलं अर्ध्या किलोचं टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' हातात घेऊन बघितलं होतं, पण माझ्या पंजाला ते लहान. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं 'प्रबळ' २०२३ साली आलं, तोवर माझं झालं होतं.

दुकानात मामा बरोबर होते म्हणून एक गोष्ट वाचली. पहिलं दाखवलेलं चकचकीत होतं. मामांनी ते रिकामं असल्याची खात्री केली, मग हॅमर अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने मागे ओढला, आणि पूर्ण ताणल्यावर सिलिंडर अंगठ्याने हलवून बघितला. असं सहा वेळा, प्रत्येक घराला. चौथ्या घराला सिलिंडर जागेवर यायच्या आधीच हॅमर अडकला. म्हणजे घर आणि नळी एका रेषेत नाहीत, गोळी शिसं तासत बाहेर पडणार. मग त्यांनी बिजागरीपाशी नळी डावी-उजवीकडे हलवली, तिथेही खडखड. दुकानदाराने मुकाट्याने दुसरं काढलं. तिसरं पसंत पडलं. नव्या वस्तूला काय बघायचं, असं मी एकटा असतो तर म्हटलं असतं.

काडतुसांच्या बाबतीत अजून एक खाच. बत्तीसच्या पिस्तुलाचंही काडतूस खडकीचंच असतं, पण ते वेगळं, आखूड. आपल्या रिव्हॉल्व्हरच्या घरात ते पडतं, बारीक किनारीवर टेकतंसुद्धा, म्हणून चूक लक्षात येत नाही. त्याचा दाब मात्र जास्त असतो. मला एकदा काउंटरवरच्या पोराने पिस्तुलाचाच डबा दिला होता. बिलावर 'बत्तीस' एवढंच. आता मी डबा तिथेच उघडून एक काडतूस हातात घेतो, मग पैसे देतो. मागचे लोक वैतागतात.

सगळ्यांनी बदलावं असं मी म्हणणार नाही. माझ्या मित्राच्या वडिलांचं पंचवीस बोअरचं छोटं पिस्तूल आहे, त्याला काडतूस शोधायला दिवा घेऊन फिरावं लागतं. त्याने ठेवलंय, आणि त्याला ते रक्षणासाठी नकोच आहे, त्याला वडिलांच्या हाताची घासलेली मूठ हवी आहे. तेवढ्यासाठी दर पाच वर्षांनी नूतनीकरण, दर निवडणुकीला ठाणं आणि कपाटाची जबाबदारी घ्यायची तयारी असेल तर ठेवावं. माझी तयारी आहे असं मला वाटत होतं. रेंजवरच्या त्या वाळूनंतर वाटेनासं झालं.

पहिल्या खंडेनवमीला आईने पाटावर नवं रिव्हॉल्व्हर ठेवायला नकार दिला. "ह्याला कुणी वापरलंय अजून?" म्हणाली. दुसऱ्या वर्षी ठेवलं.

जुन्या परवान्यावरून आबांचं हत्यार उतरलं, तेव्हा उरलेली तीन काडतुसंही दुकानात जमा करून पावती घेतली होती. हत्यार गेलं की त्याची काडतुसं घरात ठेवता येत नाहीत. हिशेब पुरा झाला असं मी समजत होतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने देवघराच्या खालच्या खणातला कुंकवाचा जुना डबा उघडला, आणि त्यात, कापसाच्या वातींखाली, एक सडपातळ काळवंडलेलं काडतूस निघालं. आबांनी ते तिथे कधी ठेवलं, का ठेवलं, आईलाही सांगता येईना. मी ते रुमालात गुंडाळून त्याच दुपारी ठाण्यात घेऊन गेलो. हवालदारांनी ते टेबलावर ठेवलं, कागद ओढला आणि विचारलं, "बोअर?"

मी व्हर्नियर बरोबर नेला होता.