मत्स्यटाकीतील शेवाळ : आधी दिवा आवरा, मग खत

अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड भागातील अनेक घरांत माशांच्या टाकीत जिवंत जलवनस्पती लावल्या जातात. या वनस्पती वाढवून क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात पाठवणे हा छोट्या जागेत करता येणारा जोडधंदा आहे. मात्र पानांवर शेवाळ चढलेली जुडी गिऱ्हाईक घेत नाही.

शेवाळ हे टाकीतील तणच समजावे. त्याचे बीजाणू पाण्यात नेहमीच असतात, त्यामुळे नुसते खरवडून ते संपत नाही. पवई तलाव पाहा. १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावात पुढे सांडपाणी येऊ लागले. त्यातील नत्र व स्फुरदावर जलपर्णी फोफावली. ती काढली तरी पुन्हा येते, कारण तिचे खाद्य बंद झालेले नसते. टाकीत हे खाद्य माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून मिळते.

प्रकाश : सर्वांत आधी दिव्याकडे पाहावे. पाण्यात कर्बवायू फारच थोडा असतो. तो संपला की वनस्पतीची वाढ थांबते आणि उरलेल्या प्रकाशाचा फायदा शेवाळ घेते. म्हणून दिवा ६ ते ८ तासच ठेवावा. शेवाळ आले असल्यास ६ तास पुरेत. दुपारी ४ ते रात्री १० ही वेळ ठेवल्यास घरच्यांना टाकी पाहताही येते. साधा टायमर बसवावा. आठवणीवर विसंबू नये. गॅलरीत किंवा खिडकीशी थेट ऊन लागेल अशी टाकी ठेवू नये.

खाद्य व पाणी : मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्यास २५ ते ३० टक्के पाणी बदलावे आणि तळातील गाळ नळीने ओढून घ्यावा. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, म्हणून ते उघड्या पिंपात एक दिवस ठेवून मगच वापरावे.

खत : शेवाळाच्या भीतीने खत पूर्ण बंद करणे चूक आहे. उपाशी वनस्पतीची जुनी पाने कुजतात आणि त्यावरच शेवाळ बसते. माशांच्या खाद्यातून नत्र व स्फुरद मिळते, पण पालाश व लोह कमी पडते. १०० लिटर पाण्यास आठवड्यातून एकदा २ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश विरघळवून द्यावे. चिलेटेड लोह अगदी अल्प द्यावे. युरिया किंवा डीएपी मात्र टाकीत कधीही घालू नये. त्यातून अमोनिया तयार होऊन मासे मरतात आणि पाणी हिरवे होते.

नवीन टाकीत सुरुवातीपासूनच दाट लागवड करावी. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, सेराटोफायलम या झपाट्याने वाढणाऱ्या जाती अन्नद्रव्ये आधी उचलतात. पीक दाट असले की तणाला जागा उरत नाही, हे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर येणारा तपकिरी थर बहुधा आपोआप जातो. तो पुसून काढावा, औषध नको.

पाणी हिरवेगार झाले असेल तर टाकी तीन दिवस जाड कापडाने पूर्ण झाकावी. या काळात खाद्य बंद ठेवावे, पण हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. मरणारे शेवाळ प्राणवायू खाते आणि पंप बंद असल्यास मासे गुदमरतात. झाकण काढल्यावर निम्मे पाणी बदलावे. तळावर निळसर-हिरवा, उग्र वासाचा पापुद्रा पसरला असल्यास तो खरे शेवाळ नसून जिवाणू आहे. तो आधी नळीने ओढून काढावा आणि मग वरीलप्रमाणे टाकी झाकावी.

बोर्डो मिश्रणासाठी घरात मोरचूद असते, म्हणून ते टाकीत टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. ज्या पाण्याची क्षारता ५० पीपीएमपेक्षा कमी आहे, त्यात तांब्याची थोडी मात्राही माशांना मारक ठरते. मुंबईला तलावांचे मृदू पाणी मिळते, त्यामुळे येथे धोका अधिक. झिंगे व गोगलगाई तर हमखास मरतात.

शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा प्लेको मासा फुटाहून मोठा होतो आणि लहान टाकीत विष्ठेचीच भर घालतो. त्यापेक्षा दिव्याचे तास कमी करणे स्वस्त पडते. प्लेको नकोसा झाला तर तलावात सोडू नये. तो तेथे टिकून देशी माशांना त्रास देतो; विकणाऱ्यालाच परत द्यावा.